धाडला भरलेला जहाजाचा जनरेटर

मी जहाजांसाठी जनरेटर डिझाइन करतो असं बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावात, धाडमध्ये, कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण भाऊ, आपल्याकडे समुद्र कुठी हाये?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडतसुद्धा नाही. आणि मी चिडलो नाही, ही आमच्या घरात बातमी असते. माझं डोकं पटकन तापतं आणि तोंड त्याहून पटकन सुटतं, हे आईपासून ऑफिसच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे जे सांगणार आहे त्यात या स्वभावाचा मोठा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो चोविसाव्या वर्षी, नोकरीच्या कामाने. खरं तर नीट पाहिलाच नाही. बंदरावर उतरलो तो थेट एका जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये. आपल्या बुलढाण्याचा मे महिना बरा, इतकं तिथे गरम. त्या गरमीत एक माणूस जनरेटरचं झाकण काढून आत हात घालून बसला होता. कोपरापर्यंत काळाकुट्ट. जुन्या पद्धतीच्या त्या यंत्रात फिरणाऱ्या कड्यांवर कार्बनचे ठोकळे घासत असतात. मिक्सरचे कार्बन झिजतात तसे तेही झिजतात, आणि त्यांची भुकटी खाऱ्या दमट हवेत सगळीकडे चिकटून बसते. तो माणूस ती भुकटी पुसत होता. मी विचारलं, हे किती वेळा करावं लागतं? तो वर न बघता म्हणाला, "साहेब, हेच करतो." मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. ज्यात घासणारं काहीच नाही असं यंत्र करायचं, हे माझ्या डोक्यात तिथेच बसलं.

कल्पना नवी नव्हती, जगात बऱ्याच जणांनी तिच्यावर डोकं लावलंय. जहाजाचं मोठं इंजिन पंखा फिरवत असतं. त्याच दांड्याला जनरेटर जोडला तर विजेसाठी वेगळं इंजिन धडधडत ठेवावं लागत नाही. अडचण एवढीच, की इंजिन कधी हळू चालतं, कधी जोरात, आणि दिव्यांना, पंपांना, रडारला वीज मात्र एकसारखी लागते. आपल्या घरात सेकंदाला पन्नास सायकलची, जहाजावर बहुधा साठची. मग आम्ही काय करतो, तर बाहेरच्या न फिरणाऱ्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, एकाऐवजी दोन वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या, घालतो. एक मोठं, ते जहाजाला वीज देतं. दुसरं लहान, त्याला इलेक्ट्रॉनिक पेटीतून थोडी वीज देऊन वेगातला कमी-जास्तपणा भरून काढायचा. आतल्या फिरणाऱ्या भागात नुसत्या एकात एक बसवलेल्या तांब्याच्या कड्या. त्याला बाहेरून एक तार जात नाही, एक कार्बन लागत नाही. फक्त या दोन वायंडिंगनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. अबोला धरलेल्या दोन जावा सासूच्या मार्फत निरोप देतात, तसं जे काय बोलायचं ते मधल्या फिरत्या भागामार्फत. थेट बोलायला लागली की आग.

सात वर्षं मी या यंत्राच्या मागे होतो. इतकं काम करणारं आणि माणसाकडून इतकं कमी मागणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही. त्याच्याबद्दल बोलायला लागलो की बायको म्हणते, झालं सुरू, आता जेवण गार होणार.

तर ही आग आमच्याकडे लागली. एकदा नाही, दोनदा.

पुण्याच्या आमच्या कारखान्यात आम्ही एक छोटं मॉडेल बनवलं होतं, विहिरीवरच्या दहा हॉर्सच्या मोटारीएवढं. त्याचा स्टेटर भरला, म्हणजे त्यात तारा घातल्या, त्या आमच्या वायंडिंग खात्यातल्या सगळ्यात जुन्या कारागिराने. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले, बोलणं मोजकं. मॉडेल टेस्टला लावलं आणि काही मिनिटांत धूर. मी म्हटलं, होतं असं. दुसरा स्टेटर त्यांनीच भरला. पुन्हा धूर, पुन्हा तोच जळकट वास. या वेळी माझा तोल गेला. सगळी डिझाइन मी कॉम्प्युटरवर शंभरदा तपासलेली, सगळे आकडे बरोबर, मग चूक कुणाची? मी रिपोर्ट लिहिला आणि त्यात कारण म्हणून तीन शब्द टाकले, 'वायंडिंगच्या कामातील दोष'. त्या तीन शब्दांवर त्या माणसाला टेबलावरून उठवून स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवलं. पुढची तपासणी होईपर्यंत, असं पत्र निघालं.

आमचे साहेब मला म्हणाले, "तिसरा स्टेटर शेवटचा. जळला तर हे काम बंद, आपण कार्बनवालंच मशीन देऊ." म्हणजे तिसरा चालला नाही तर माझी सात वर्षं पाण्यात. आणि दुसऱ्याच्या हातून भरून चालला, तर माझा रिपोर्ट खरा ठरणार आणि तो कारागीर तो डाग घेऊनच घरी जाणार. मला त्या वेळी काळजी होती ती पहिल्या गोष्टीची. दुसरीची नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण नव्हती.

त्याच सुमारास आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी महिनाभर धाडला येऊन घरूनच काम करू लागलो. पुण्यातल्या बाहेरच्या दोन-तीन वायंडरांनी जोडणीचा नकाशा पाहून हात जोडले होते. एकाच खाचेत दोन वायंडिंग? हे आम्ही कधी केलं नाही साहेब, तुम्ही दुसरीकडे बघा. म्हणून तो कोरा स्टेटर मी गाडीच्या डिकीत टाकून गावी आणला होता. का आणला, सांगता येणार नाही. पुण्यात ठेवला असता तर तोही कुणीतरी जाळेल, अशी भीती वाटत असावी.

आईनेच डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीआडून सुचवलं. "स्टँडजवळच्या काकूले दाखव ना. साऱ्या गावाच्या मोटारी थेच भरते."

मी हसलो. मोठ्याने हसलो. पण दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून शेवटी गेलो.

काकूंचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे जळक्या मोटारींची रांग. त्यांचे यजमान, काका, विहिरीतून मोटारी काढायचं आणि सोडायचं काम करतात, साखळी आणि घोडा, म्हणजे लोखंडी तिपाई, घेऊन दिवसभर शिवारात. भरायचं काम पूर्वी तेच करायचे, काकू नुसता खाचांत घालायचा कागद कापून द्यायच्या. मग हळूहळू कागदाच्या कॉइली झाल्या, कॉइलींची जोडणी झाली, आणि आता लोक सरळ म्हणतात, काकूंच्या हातची मोटार. काकूंचं माहेर रोहिणखेडचं, वय साठीच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

मी नकाशा पुढे ठेवला. हा नकाशा माझा लाडका. कॉम्प्युटरचं छापील चित्र कारागिरांना कळत नाही म्हणून मी तो हाताने काढला होता, रंगीत पेन्सिलींनी. लाल, पिवळा, निळा हे मोठ्या वायंडिंगचे तीन फेज. हिरवा, जांभळा, तपकिरी हे लहानाचे. अठ्ठेचाळीस खाचा, एका कागदावर मावेनात म्हणून दोन कागद चिकटवून एक केलेले. काकूंनी चष्मा लावला, बोट ठेवून पहिल्या खाचेपासून शेवटपर्यंत गेल्या.

"हे दोन मोटारी हायेत एका घरात," त्या म्हणाल्या.

पुण्याच्या वायंडरांना मी पाऊण तास समजावून जे कळलं नव्हतं, ते या बाईने पाच मिनिटांत एका वाक्यात सांगितलं.

"कार्बन कुठी हायेत याचे?"

"नाहीत. म्हणून तर एवढी खटपट."

"मस्त हाये बाप्पा," काकू म्हणाल्या. "करू मग. पण तू इथीच बसायचं. समजलं नाई का तुलेच विचारीन."

मी चार दिवस तिथेच बसलो. लॅपटॉप एका उलट्या डब्यावर, मी दुसऱ्या डब्यावर. काकूंनी आधी लाकडी फर्मा बनवला, कॉइलीच्या मापाचा. खाचांत कागद घातले. मग तार घेऊन फर्म्यावर फेरे. तोंडाने मोजत नव्हत्या, गिऱ्हाइकांशी बोलत होत्या. "कोणाच्या विहिरीची हाये? पाणी किती हाये? मागच्या साली भरली होती ना, मग काऊन जळली?" आणि बोलता बोलता फेरे थांबायचे ते नेमक्या आकड्यावर. मला त्याची फार गंमत वाटली. मी दोन कॉइली उचलून मोजल्या. बावीस हवे होते.

एकोणीस भरले.

दुसऱ्या कॉइलीतही एकोणीस. मी सगळा ढीग मोजला, सगळीकडे एकोणीस. माझं डोकं फिरलं. "काकू, हे काय करून ठेवलं? नकाशावर स्पष्ट बावीस लिहिलंय! एवढं साधं वाचता येत नाही का?" रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबून बघायला लागले.

काकू शांतपणे म्हणाल्या, "वाचलं मी. तीन कमी घेतले."

"का?"

"इथी हंगामात व्होल्टेज किती येते रे? डीपीवर साऱ्या गावाच्या मोटारी. तीनशे चाळीस आलं तरी नशीब. बावीस घातले तर तुही मोटार उठणारच नाई. म्या तर तुह्याच भल्यासाठी केलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कंपनीची मोटार भरलेली असते पुस्तकातल्या चारशे पंधरा व्होल्टेजसाठी. ते व्होल्टेज आमच्या शिवारात येतंच नाही. म्हणून काकू प्रत्येक मोटारीचे फेरे थोडे कमी करतात, तार किंचित जाड घेतात, आणि मोटार मरतुकड्या विजेवरही पाणी ओढते. कोणत्या गावाला किती कमी करायचे, हेही त्यांना पाठ. धाडला तीन, आणि डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, लांबच्या वस्तीला चार. कुठल्या पुस्तकात आहे हे? मी इतकी वर्षं याच धंद्यात, मला हे माहीत नव्हतं. पण तेव्हा कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

"जहाज स्वतःची वीज स्वतः करतं, काकू. तिथे व्होल्टेज पूर्ण असतं. नेहमी."

"नेहमी?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोडशेडिंग नाई?"

"नाही."

"मजा हाये मग जहाजवाल्यांची." आणि त्यांनी सगळ्या कॉइली सोडल्या. सकाळचं सगळं काम. तार सरळ करून पुन्हा फर्म्यावर घेतली, बावीस फेरे. मी ओरडलो त्याबद्दल ना तोंड वाकडं केलं ना काही. दुपारी डब्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. "खाऊन घे. उपाशी माणूस जास्त वरडते."

मी खाल्ला. माफी मात्र मागितली नाही. मनात म्हणत होतो, बरं झालं मी मोजलं, नाहीतर हाही स्टेटर गेला असता. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

पुढचे दिवस मी निव्वळ बघत राहिलो. खाचेत आधी मोठ्या वायंडिंगची कॉइल, तिच्यावर कागद, मग लहानाची. पुण्यात दोन्ही वेळा बाहेर आलेल्या तारांचा गठ्ठा इतका मोठा झाला होता की झाकण बसवताना दाबावं लागलं होतं. काकू प्रत्येक कॉइल घालून झाली की अंगठ्याने तिला असं काही वळण देत, की पुढचीला आपसूक जागा व्हायची. वरून बांबूच्या चिपा ठोकल्या. बाहेरच्या तारा सुती दोरीने बांधल्या, एकेक गाठ ओढून. बाजाराच्या दिवशी आलेले शेतकरी आपली मोटार सोडून हीच बघत उभे. "जहाजाची हाये," काकू प्रत्येकाला सांगायच्या. एक आजोबा म्हणाले, "जहाज धाडले येऊन राह्यलं का?" सगळे हसले, मीही हसलो.

चौथ्या दिवशी दुपारी कॉइलींच्या ग्रुपांची, म्हणजे एकत्र जोडलेल्या झुपक्यांची, जोडणी पूर्ण झाली. मी मीटर काढले आणि रेझिस्टन्स मोजला. बरोबर. इन्शुलेशन बरोबर. पुण्यातही हे दोन्ही बरोबरच आले होते.

"आता छर्रा टाक," काकू म्हणाल्या.

काकूंच्या दुकानाची ही रीत आहे. मोटार भरून झाली की आतला फिरणारा भाग न घालता रिकाम्या स्टेटरला डिमरवरून अगदी थोडी वीज द्यायची आणि आत बेअरिंगमधला एक पोलादी छर्रा सोडायचा. वायंडिंग ठीक असेल तर आतलं चुंबक गोल फिरतं आणि त्याच्यामागे छर्रा भिंतीला चिकटून गरागरा पळतो. आणि छर्रा टाकायचा तो ज्याची मोटार आहे त्याने. काकू स्वतः कधी टाकत नाहीत. मालकाने आपल्या डोळ्यांनी बघावं, मग मोटार घरी न्यावी.

आमच्या कारखान्यात महागडी यंत्रं आहेत, छर्रा कुणी टाकत नाही. मला ते पोरखेळ वाटलं. पण टाकला.

मोठ्या वायंडिंगला वीज दिली. छर्रा सुटला तो असा पळाला की आवाजाचा एक सूर लागला. बघणारे 'वा' म्हणाले. मग काकूंनी तारा बदलून लहान वायंडिंगला वीज दिली. छर्रा निघाला, थोडा हळू, जसा निघायला हवा तसाच. अर्धा फेरा गेला आणि एका जागी अडखळला. थरथरला. खाली पडला.

मी पुन्हा टाकला. पुन्हा त्याच जागी.

"उलटा ग्रुप जोडला तुम्ही!" मी ओरडलोच. "काकू, आधी फेरे चुकले, आता हे! इथेच उलटं झालंय, ही दोन टोकं!" सात वर्षं, शेवटचा स्टेटर, आणि मी तो गावात आणून भरला, मला कुणी सांगितलं होतं? साहेबांना काय तोंड दाखवू?

काकूंनी डिमर बंद केला. भिंतीवरचा नकाशा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "तू वाच. मी टोक दाखवते."

मी वाचत गेलो, त्या एकेक तार चिमटीत धरून दाखवत गेल्या. हिरवा पहिला, आत, बाहेर. बरोबर. दुसरा. बरोबर. सातव्यापर्यंत आलो. छर्रा थांबला होता तो इथेच. मी नकाशावरचा बाण वाचला, काकूंनी तार दाखवली. बाणाप्रमाणेच होती. अगदी तंतोतंत.

"मी तं कागदावानीच घातलं," काकू म्हणाल्या. "तुहा कागद बरोबर हाये का?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण छर्रा समोर पडला होता. मी लॅपटॉप उघडला. कॉम्प्युटरमधल्या डिझाइनमध्ये तो ग्रुप सरळ होता. माझ्या हाताने काढलेल्या नकाशात उलटा. दोन कागद जिथे चिकटवले होते, नेमका तिथला बाण मी दुसऱ्या कागदावर उतरवताना उलटा काढला होता. रंग बरोबर, आकडा बरोबर, बाण उलटा. एक ग्रुप उलटा असला की ती दोन वायंडिंग एकमेकांशी थेट बोलायला लागतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, मीच ते इतरांना शिकवतो. पहिला स्टेटर याच नकाशावरून भरला होता. दुसराही.

स्टोअरमध्ये बसलेला तो माणूस डोळ्यांपुढे आला. त्याने काही चूक केलीच नव्हती. चूक माझी होती आणि मी ती त्याच्या नावावर लिहून सही केली होती.

"काकू, माझं चुकलं," मी म्हणालो. "नकाशा चुकलाय. मी चुकवलाय."

मला वाटलं, आता त्या बोलतील. परवाचं सगळं काढतील. त्यांनी जोड कापला, टोकं उलटी केली, पीळ देऊन झाळलं, वर नळी चढवली. "दोन टोकं तं होती. माहे तर तीन-तीन फेरे सुटले होते साऱ्या कॉइलींत." एवढंच. मग म्हणाल्या, "टाक छर्रा."

छर्रा पळाला. दोन्ही वायंडिंगला पळाला. मी तो थांबवूच देईना, डिमरवर हात ठेवून बघत बसलो. डोळे भरून आले होते, ते लपवावेत असंही वाटलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन मी दुसरा रिपोर्ट लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, 'डिझायनरने काढलेल्या जोडणीच्या नकाशातील चूक', आणि खाली माझं नाव. साहेबांचा फोन आला. "तू हे काय लिहिलंयस ते तुला कळतंय ना? मशीन चालणार असेल तर जुनं कशाला उकरतोस?" मी म्हणालो, कळतंय, तसंच पुढे पाठवा. फोन ठेवल्यावर भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण मेल परत मागवला नाही.

काकूंनी चढवलेलं वार्निश वाळल्यावर स्टेटर गाडीत घालून पुण्याला गेलो. गेलो तो थेट स्टोअरमध्ये. ते कारागीर बाकावर बसून वायसर निवडत होते, मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. मी समोर उभा राहून सांगून टाकलं. नकाशात चूक होती, तुमची नव्हती, रिपोर्ट बदललाय, मला माफ करा.

त्यांनी हातातला वायसर डब्यात टाकला. "हिरव्याचा सातवा ग्रुप ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कागद चिकटवलेत तिथला. मी विचारलं होतं तुम्हाला, साहेब. पहिल्याच वेळी. नकाशा घेऊन तुमच्या टेबलाशी आलो होतो. तुम्ही फोनवर होतात. म्हणालात, काढलंय तसं घाला, डोकं लावू नका."

मला आठवेना. खूप आठवून पाहिलं, आजही पाहतो, काहीच आठवत नाही. त्या माणसाचं सगळं त्या एका प्रश्नावर अडलेलं होतं आणि तो माझ्या कानातसुद्धा शिरला नव्हता.

"मग रिपोर्ट आल्यावर तरी बोलायचं ना!"

"कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पत्र दिलं, सही घेतली."

मला त्यांच्यापुढे मान वर करता येईना. शेवटी तेच उठले, हात पुसले आणि म्हणाले, "कुठे आहे स्टेटर?"

टेस्टची जोडणी त्यांनीच केली, आपल्या जुन्या टेबलावर. दुपारी मशीन सुरू झालं. वेग कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला, जसं जहाजाचं इंजिन करतं तसं. मीटरवरचा आकडा साठवरून हलेना. दहा मिनिटं झाली, तास झाला. धूर नाही, वास नाही, कुठे काही घासत नाही, नुसता एक घनगंभीर आवाज. मोठे साहेब येऊन पाठ थोपटून गेले. कौतुक झालं. त्यातलं बरंचसं माझं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळत होतं.

मशीन थांबवल्यावर झाकण काढून त्या कारागिरांनी वायंडिंगला हात लावून पाहिला. कोमट होतं. मग टॉर्च घेऊन ते बराच वेळ आत बघत राहिले, तारांच्या गठ्ठ्यावरून बोट फिरवत.

"कुणी भरलं हे?"

"आमच्या गावच्या काकू आहेत एक. विहिरीच्या मोटारी भरतात."

"काय हात आहे हो!" ते म्हणाले. इतक्या वर्षांत या माणसाला मी पहिल्यांदाच असं बोलताना ऐकत होतो. "डावखुऱ्या आहेत ना?"

"कशावरून?"

"दोरीच्या गाठी बघा. सगळ्या उलट्या बाजूला झुकल्यात. आणि सगळ्या एकसारख्या."

मी वाकून पाहिलं. होत्या. चार दिवस मी त्या बाईच्या समोर बसलो होतो, हातभर अंतरावर. फेरे मोजले, चुका काढल्या, भाकरी खाल्ली, मनातल्या मनात वाहवा केली. त्या कोणत्या हाताने काम करतात, हे मला सांगता येईना.

मी तिथूनच धाडला फोन लावला.

"चालली का?" काकूंनी आधी तेच विचारलं.

"चालली, काकू. एकदम मस्त चालली."

"बरं झालं. आईचा डोळा कसा हाये?"

"बरा आहे. काकू, तुम्ही डावखुऱ्या आहात का?"

"हाव," त्या म्हणाल्या. "काऊन?"

"गाठी बघून ज्यांनी ओळखलं, त्यांच्याशीच बोला," मी म्हणालो. आणि फोन त्या कारागिरांच्या हातात दिला.